‘रक्त नेलं, पुढं काय?’ : राष्ट्रीय आरोग्य अभ्यासातल्या एका केंद्राचे प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गावे, संस्था आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे तशीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

देशातल्या नऊ केंद्रांवर एकाच आराखड्याने चालणारा हा पाच वर्षांचा अभ्यास. विषय : ग्रामीण भागातल्या तिशीपुढच्या स्त्री-पुरुषांमधला रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे काम. पहिली भेट, सहा महिन्यांनी दुसरी आणि मग वर्षाला एक. प्रत्येक भेटीत साधारण ४० मिनिटांची प्रश्नावली, थोड्या थोड्या वेळाने तीनदा रक्तदाब, उपाशीपोटी रक्त आणि लघवीचा नमुना. उरलेले रक्तद्रव उणे ८० अंशांवर साठवून पुढच्या संशोधनासाठी राखायचे, हेही आराखड्यात होते.

हे केंद्र मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यातले. तीन गावे निवडली होती. तिन्ही गावांतली बरीच कुटुंबे दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलात परततात. पथकात प्रमुख संशोधक, एक वैद्यकीय समाजसेविका, घरोघर जाऊन माहिती घेणारे दोन क्षेत्र अन्वेषक आणि एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ. अंदाजपत्रकात ‘समुदाय सहभाग’ या नावाखाली एकच ओळ होती : पोस्टर छपाई आणि प्रत्येक गावात एक सभा. ती ओळ लिहिताना या तीन गावांतल्या कोणालाही काही विचारले नव्हते. बहुतेक प्रस्तावांत हेच घडते. प्रस्ताव पाठवायच्या शेवटच्या रात्री ही ओळ भरली जाते आणि पुढची पाच वर्षे तिच्यावर काढावी लागतात.

कागदोपत्री मात्र सगळे जागच्या जागी होते. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी होती. इंग्रजीतून करून घेतलेले अकरा पानी मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र होते. तिन्ही सरपंचांची शिक्क्यानिशी पत्रेही होती.

अडचण

पहिले दोन आठवडे रोजच्या अहवालात एकच शेरा दिसत होता : ‘संकेत ३ – घर बंद’. नकाराचा संकेत ४ जवळपास रिकामा. केंद्राच्या मासिक तक्त्यात याचा अर्थ असा निघाला की गावातले लोक तयार आहेत, फक्त घरी सापडत नाहीत. नऊ केंद्रांचे काम जुळवणाऱ्या समन्वय केंद्राकडून उत्तर आले : भेटींची संख्या वाढवा.

समाजसेविकेला हे पटेना. तिने ‘घर बंद’ शेऱ्याची चौदा घरे निवडली आणि वही न घेता संध्याकाळी सातनंतर एकटीच फिरली. नऊ घरांत माणसे होती. त्यांतल्या बहुतेकांनी आदल्या आठवड्यात पथकाला ‘उद्या या’ असे सांगितले होते आणि सकाळी कडी लावून मागच्या दाराने रानात निघून गेले होते. गावात डॉक्टरला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘उद्या या’ हाच तिथला नकार असतो. पथकाने तो नकार तक्त्यात बसेल अशा शब्दांत नोंदवून ठेवला होता.

कारणे विचारल्यावर चार गोष्टी वारंवार पुढे आल्या.

पहिली म्हणजे जुनी नाराजी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुठल्यातरी पथकाने याच गावांत रक्त घेतले होते आणि रिपोर्ट कोणालाच मिळाले नव्हते. एका बाईंनी विचारले, “रक्त नेलं, पुढं काय?” आणि उत्तराची वाट न बघता त्या भाकरी थापू लागल्या.

दुसरी, रक्त किती काढतात याची धास्ती. बाटलीभर काढतात, शहरात विकतात, असे बोलले जात होते. माहितीपत्रकात ‘१० मिली’ असे छापले होते, पण मिली म्हणजे किती हे कोणी दाखवले नव्हते.

तिसरी, उपास आणि बुडणारी मजुरी. पथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघून साडेनऊला गावात पोहोचायचे. खुरपणीला जाणारी बाई सात वाजता भाकरी बांधून निघते. साडेदहापर्यंत उपाशी थांबायचे म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला.

चौथी गोष्ट लोक हळू आवाजात सांगत. प्रश्नावलीत ‘गर्भाशय काढले आहे का?’ असा प्रश्न होता आणि तो ओसरीवर, सासू आणि शेजारणींसमोर विचारला जात होता. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत गाजला होता. ज्या बायकांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, त्यांना या प्रश्नात चौकशीचा वास आला.

यातली एकही अडचण अज्ञानातून आलेली नव्हती, आणि पुढचे सगळे निर्णय याच एका ओळखीवर उभे राहिले. लोकांना अभ्यास समजला नव्हता असे नाही. मागच्या अनुभवावरून त्यांना तो नको तितका चांगला समजला होता.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय जनजागृतीचा. पथनाट्य, रिक्षावर भोंगा, मोठी पोस्टर. खर्च कमी, मंजुरीची कटकट नाही आणि अहवालात फोटो छान दिसतात. पण रिपोर्ट मिळत नाहीत या तक्रारीवर भोंग्याने काय सांगायचे? हा पर्याय बैठकीतच बाजूला पडला.

दुसरा पर्याय आशा ताईंकडून काम करून घेण्याचा : घरामागे ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यांनी माणसे तयार करायची. वेगाच्या दृष्टीने हाच सगळ्यांत जवळचा रस्ता होता आणि समन्वय केंद्राची पसंतीही यालाच होती. स्थानिक पथकाने तो नाकारला. बाळंतपण, लसीकरण, औषधाच्या गोळ्या, सगळ्यासाठी बाईला आशा ताई लागतेच. तिला नाही म्हणणे सोपे नसते. ती घरामागे मिळणाऱ्या पैशासाठी विचारत असेल, तर मिळालेला होकार कितपत मोकळा मानायचा? शिवाय अभ्यासावर राग निघाला तर तो तिच्यावर निघणार. पथक पाच वर्षांनी जाईल, ती गावातच राहणार.

तिसरा पर्याय गावे बदलण्याचा. नियमात राखीव गावांची यादी होती. पण शेजारच्या गावांतही तीच माणसे, तीच ऊसतोड आणि तेच जुने पथक. शिवाय नाही म्हणणारी गावे गाळत गेले, की ‘ग्रामीण भारत’ म्हणून शेवटी हो म्हणणारीच गावे मोजली जातात.

चौथा, थांबण्याचा. नमुने घेणे बंद ठेवायचे, गावातल्या माणसांचे सल्लागार मंडळ बनवायचे, आराखड्यातले जे बदलता येईल ते त्यांच्यासमोर ठेवायचे आणि बदलाला नैतिकता समितीची मंजुरी घेऊन पुन्हा सुरुवात करायची. यात वेळ जाणार आणि नऊ केंद्रांच्या तक्त्यात आपले केंद्र तळाला दिसणार, हे उघड होते.

पहिला निर्णय : थांबणे

प्रमुख संशोधकांनी चौथा पर्याय घेतला. समन्वय केंद्राला पाठवलेल्या पत्रात भावनेला हात न घालता तीन मुद्दे होते. ‘घर बंद’ या नोंदी चुकीच्या आहेत, म्हणजे माहितीच सदोष जमते आहे. ऊसतोड कुटुंबे दुसऱ्या भेटीला सापडणारच नाहीत. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाचा सहभाग अपेक्षित आहे. गावप्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे. सरपंचांच्या पत्रांवर अवाजवी विसंबल्याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती.

दुसऱ्याने दिलेल्या परवानगीची किंमत या देशाने आधी मोजलेली आहे. २००९-१० च्या एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस) प्रात्यक्षिक प्रकल्पात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात वसतिगृहांच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या. एप्रिल २०१० मध्ये तो प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या, वैद्यकीय संशोधनाच्या नीतीबद्दलच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर सहभागी व्यक्ती व त्यांच्या समुदायांशी अर्थपूर्ण संवाद ठेवण्याची अपेक्षा आहे. पत्रात हे सगळे आले नाही. पण समन्वय केंद्रातल्या ज्यांनी ते वाचले, त्यांना हा इतिहास माहीत होता.

मंडळ कसे बनले

तीन गावांचे मिळून अकरा जणांचे मंडळ ठरले : सहा बायका, पाच पुरुष. ऊसतोडीला जाणारे किमान तीन, दलित वस्ती आणि पारधी वस्तीतून प्रत्येकी एक, स्वतःला मधुमेह किंवा रक्तदाब असलेले किमान दोन. सरपंच आणि पोलीस पाटील यांना बैठकीचे आमंत्रण द्यायचे, पण सदस्यत्व नाही. आशा ताईंनाही हितसंबंधाच्या मुद्द्यावरून सदस्य केले नाही. दर बैठकीनंतर त्यांना वेगळे भेटून माहिती द्यायची असे ठरले.

हे ऐकायला सोपे वाटते. पहिल्या यादीत मात्र अकरापैकी सात नावे दोनच भावक्यांतली निघाली. यादी ग्रामपंचायत कार्यालयात बसून केली होती, त्यामुळे तिथे येणाऱ्यांचीच नावे तीत आली. दुसऱ्या वेळी समाजसेविकेने प्रत्येक वस्तीत जाऊन एकच प्रश्न विचारला : “दवाखान्याचं काही काम निघालं तर तुम्ही कोणाला सोबत नेता?” या प्रश्नाने वेगळी माणसे पुढे आली. त्यांत सातवी शिकलेल्या एक काकू होत्या आणि टोळीतल्या आजारी माणसांना कारखान्याजवळच्या दवाखान्यात नेणारा एक तरुण गाडीवान होता.

बैठकीची वेळ रात्री साडेआठ, जेवणे उरकल्यावर. पहिली बैठक ग्रामपंचायतीत घेतली तेव्हा पारधी वस्तीतल्या सदस्य बाई दाराशीच उभ्या राहिल्या. दुसरीपासून जागा शाळेच्या वर्गात हलवली आणि सगळ्यांनी सतरंजीवर बसायचे ठरवले. प्रमुख संशोधकांनीसुद्धा.

मानधनावरून बरेच आठवडे घोळ झाला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. रात्रीची अडीच तासांची बैठक आणि आधी कागद वाचायचा वेळ धरून प्रत्येकी ४०० रुपये आणि प्रवासखर्च ठरला. संस्थेच्या लेखा विभागाने पॅन कार्ड, रद्द केलेला धनादेश आणि रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेली पावती मागितली. स्टॅम्प खरे तर ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला लागतो, पण सवय नियमाहून मोठी. सहापैकी चार बायकांकडे पॅन नव्हते आणि दोघींचे खाते नवऱ्यासोबतचे होते. पहिल्या दोन बैठकांचे पैसे अकरा आठवड्यांनी मिळाले. शेवटी प्रमुख संशोधकांच्या नावावर अग्रिम उचलून साध्या व्हाउचरवर रोख द्यायची लेखी परवानगी काढली. ही परवानगी पहिल्या बैठकीच्या आधी हातात हवी होती. ज्यांचा वेळ मोलाचा आहे असे आपण सांगतो, त्यांनाच पैशासाठी तीन महिने तिष्ठत ठेवले की पुढची सगळी भाषणे फुकट जातात.

काय बदलता येईल, काय नाही

मंडळापुढे पहिल्याच दिवशी एक पान ठेवले आणि मोठ्याने वाचले. डाव्या रकान्यात बदलता न येणाऱ्या गोष्टी : कोणत्या तपासण्या करायच्या, उपाशीपोटी रक्त, रक्तदाब मोजायची पद्धत, व्यक्ती निवडायची चिठ्ठीची पद्धत. उजव्या रकान्यात मंडळाने ठरवायच्या : वेळ, जागा, कागदाची भाषा, रिपोर्ट कसा आणि किती दिवसांत द्यायचा, नाजूक प्रश्न कुठे विचारायचे, गावाचे निकाल कसे सांगायचे. मधल्या रकान्यात समन्वय केंद्राला विचारून बदलू शकणाऱ्या : दुसऱ्या भेटीची तारीख आणि उरलेल्या रक्ताचे काय करायचे हा मुद्दा.

पानाचा उपयोग दोन्हीकडून झाला. मंडळाला कळले की आपल्याला फक्त मान डोलवायला बोलावलेले नाही. आणि संशोधकांना कळले की डाव्या रकान्यात त्यांनी सवयीने दोन-तीन गोष्टी जास्तीच्या टाकल्या होत्या. उदाहरणार्थ, ‘नमुने सकाळी दहा वाजता’ हे आराखड्यात कुठेच नव्हते. ती गाडीची वेळ होती.

नळ्या आणि दोन चमचे

दुसऱ्या बैठकीत तंत्रज्ञाने तीन नळ्या आणल्या : जांभळ्या झाकणाची ३ मिलीची, करड्या झाकणाची २ मिलीची आणि पिवळ्या झाकणाची ५ मिलीची. कुंकू कालवलेले पाणी तिन्हींत खुणेपर्यंत भरले आणि मग घरातल्या चहाच्या चमच्यात ओतून दाखवले. दोन चमचे भरले, संपले. “रक्तपेढीत एका वेळी ३५० मिली घेतात, म्हणजे याच्या पस्तीसपट,” एवढेच तो बोलला. गाडीवान सदस्याने त्या नळ्या मागून घेतल्या. पुढच्या आठवड्यात त्या तीन वस्त्यांत फिरून आल्या.

उपासाचा मुद्दा इतका सहज सुटला नाही. मंडळाचे म्हणणे सरळ होते : उपासच काढा. तंत्रज्ञाने कारण सांगितले. खाल्ल्यावर साखर किती वाढेल ते माणसागणिक वेगळे, म्हणून नऊ केंद्रांचे आकडे उपाशीपोटीच जुळतात. मग, पहाटे घ्या, हा मंडळाचा पुढचा मुद्दा होता. यात खरी अडचण गाडीची नव्हती, रक्ताची होती. नळीत तसेच ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात आणि ती तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. ही घट थांबवण्यासाठी करड्या नळीत असलेल्या फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायलाच तास-दोन तास जातात. पहाटे सहाला घेतलेले रक्त दहा वाजता जिल्ह्याला पोहोचले, तर मधुमेही माणूस कागदावर बरा दिसू शकतो.

तोडगा असा निघाला : प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परवानगीने गावच्या उपकेंद्रात छोटे सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवून रक्तातल्या पेशी वेगळ्या करणारे यंत्र) ठेवायचे. पथक पहाटे साडेचारला निघेल, पावणेसहा ते साडेसात नमुने घेईल. करड्या नळ्या लगेच बर्फाच्या पेटीत आणि पहिल्या अर्ध्या तासात फिरवायच्या, पिवळ्या नळीतले रक्त अर्धा तास गोठू दिल्यावर. सुई निघाली की चहा-बिस्किट. पहिल्याच आठवड्यात दोनदा वीज गेली आणि त्या दिवशीच्या साखरेच्या नळ्या रद्द कराव्या लागल्या; मग इन्व्हर्टर आला. तंत्रज्ञाच्या पहाटेच्या कामाचा भत्ता अंदाजपत्रकात नव्हता. तो पोस्टरच्या पैशातून गेला. पोस्टरची उणीव कोणाला भासली नाही.

संमतीपत्राचे वाचन

तिसऱ्या बैठकीत सातवी शिकलेल्या काकूंनी संमतीपत्र मोठ्याने वाचले आणि जिथे अडखळल्या तिथे समाजसेविकेने पेन्सिलने खूण केली. अकरा पानांत त्रेसष्ट खुणा झाल्या. ‘जैविक नमुने’ याचे ‘रक्त आणि लघवी’ झाले. ‘यादृच्छिक निवड’चे ‘चिठ्ठी टाकून निवड’ झाले. ‘भविष्यातील अनिर्दिष्ट संशोधन’ या शब्दांवर मात्र सगळेच थांबले. अर्थ सांगितल्यावर एक सदस्य म्हणाले, “म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा.”

साठवणुकीचा मुद्दा पुन्हा उघडला तो इथे. मूळ कागदात एकच वाक्य होते : उरलेला नमुना पुढील संशोधनासाठी वापरण्यास माझी संमती आहे. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टप्प्याटप्प्याच्या संमतीची सोय आहे. तिच्या आधारे तीन पर्याय लिहिले गेले : एक, याच अभ्यासापुरते वापरा आणि उरलेले नष्ट करा; दोन, जपून ठेवा, पण नव्या कामाआधी मला विचारा; तीन, जपून ठेवा आणि नैतिकता समिती हो म्हणेल त्या कामाला वापरा. अंगठा देणाऱ्यांसाठी प्रत्येक पर्याय वाचून दाखवायचा आणि पथकाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर खूण करायची. साक्षीदार आशा ताई चालणार नाही, हा आग्रह मंडळाचा.

दुसऱ्या पर्यायातली मेख मंडळानेच काढली : पुन्हा विचारणार कसे? फोन नंबर वर्षात दोनदा बदलतात. म्हणून प्रत्येकाकडून ‘आणखी कोणाला विचारलं तर तुमचा ठाव लागेल?’ हे विचारून घेतले आणि त्या माणसाला अभ्यासाबद्दल काही सांगायचे नाही, असेही लिहिले. अकरा पानांची पाच झाली. उलट भाषांतर (मराठीचे पुन्हा इंग्रजी), दुरुस्तीचा अर्ज, नैतिकता समितीची बैठक यांत पाच आठवडे गेले. समितीतल्या सामान्य नागरिक सदस्याने असा सोपा कागद आधीच मागितला होता, असे नंतर कळले.

गर्भाशयाचा प्रश्न प्रश्नावलीतून काढता येत नव्हता. त्याची जागा बदलली. रक्तदाब मोजायला आडोशाला नेल्यावर तो फक्त स्त्री अन्वेषकाने विचारायचा, ‘पिशवी काढली आहे का’ याच शब्दांत, आणि ‘सांगायचे नाही’ हे उत्तर आधीच वाचून दाखवायचे.

रिपोर्ट

मंडळाची एकच अट अशी होती जिच्यावर त्यांनी तडजोड केली नाही : सात दिवसांत कागद हातात. रक्तदाब १८०/११० किंवा वर असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी चौकशी करायची. इथे एक चूक होता होता राहिली. रिपोर्ट वाटायच्या आदल्या दिवशी समाजसेविकेने आरोग्य केंद्राच्या औषध भांडारात विचारले, तर रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनच्या गोळ्या पंधरवडाभर पुरतील एवढ्याही नव्हत्या. वाटप आठवडाभर पुढे ढकलावे, की वेळेत देऊन माणसांना रिकाम्या हाताने परत येऊ द्यावे? कागद वेळेत द्या, पण जास्त रक्तदाबवाल्यांची संख्या आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा आणि औषध येईपर्यंत लगतच्या ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी द्या, असे मंडळाने ठरवले. तसे झाले.

ऊसतोड

आराखड्यानुसार पहिली भेट जून-जुलैत आणि दुसरी डिसेंबर-जानेवारीत होती. दुसऱ्या भेटीच्या वेळी गाव अर्धे रिकामे असते हे नऊ केंद्रांच्या नियोजनात कोणाच्या ध्यानात आले नाही. पत्रातला हा मुद्दा मंडळाच्या पहिल्या बैठकीत पाच मिनिटांत निघाला. पथकाने कारखान्यांवर जाऊन नमुने घ्यायचा विचार केला. पण टोळ्या सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत विखुरतात आणि फडात मुकादमासमोर घेतलेल्या संमतीला अर्थ नाही. ही कुटुंबे वगळणे सोपे होते. पण उन्हात, कमी पाण्यावर सलग राबणाऱ्यांनाच वगळून मूत्रपिंडाचा अभ्यास करण्यात काय हशील?

समन्वय केंद्राकडे सहा महिन्यांच्या भेटीला ३० ऐवजी ६० दिवस मागेपुढे करण्याची मुभा मागितली. संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप रास्त होता : एप्रिलच्या उन्हात शरीरातले पाणी कमी असेल तर क्रिएटिनिन (रक्तातला मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) वाढलेले दिसेल आणि ते आजाराचे की उन्हाचे हे कळणार नाही. शेवटी मुभा मिळाली, दोन अटींवर. नमुन्याच्या दिवसाचे कमाल तापमान आणि आदल्या दिवशीचे काम नोंदवायचे, आणि क्रिएटिनिन वाढलेल्यांची तपासणी पावसाळ्यात पुन्हा करायची. पहिली भेट सप्टेंबरात हलली, दुसरी एप्रिलच्या उत्तरार्धात.

काय झाले

पहिली फेरी पूर्ण करण्यात हे केंद्र नऊ केंद्रांत सगळ्यांत शेवटचे ठरले. ‘घर बंद’ शेरा कमी झाला, नकाराचा रकाना भरू लागला आणि पथकाने तो तसाच कळवला. दुसऱ्या फेरीला ऊसतोड कुटुंबांपैकी बहुतेक सापडली. कर्नाटकात गेलेल्या दोन टोळ्या जूनपर्यंत परतल्या नाहीत. साठवणुकीच्या तीन पर्यायांत निम्म्याहून जास्त लोकांनी पहिला निवडला. म्हणजे नमुना-पेढीत या केंद्राचा वाटा आराखड्यात धरला होता त्याहून बराच कमी आहे. ही लोकसहभागाची खरी किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विचारले तर लोक नाहीही म्हणतात.

मंडळातही सगळे गोड नव्हते. एका सदस्याने पुतण्याला अन्वेषक म्हणून घ्या असा आग्रह धरला आणि नाही म्हटल्यावर येणे बंद केले. गावाचे निकाल वस्तीनिहाय तक्त्यात लावायचे ठरत असताना पारधी वस्तीतल्या सदस्य बाईंनी हरकत घेतली : “आमच्या वस्तीचं नाव लावून कागद लावू नका. उद्या म्हणतील, ह्यांनाच रोग.” वस्तीत घरेही मोजकीच, आकड्यावरून माणूस ओळखू आला असता. तक्ता तिन्ही गावांचा मिळून एकच लावला.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत मोठी चूक प्रस्तावाच्या वेळची. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य व निगा संशोधन संस्थेकडे निधीचा अर्ज करतानाच सोप्या भाषेतला सारांश द्यावा लागतो आणि लोकांना कसे सामील केले ते लिहावे लागते. त्यांच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरावे लागतात. इथे प्रस्ताव लिहिण्याआधी एका गावात दोन रात्रीच्या बैठका घेतल्या असत्या तरी ऊसतोडीची तारीख, गाडीची वेळ आणि मानधन या तिन्ही गोष्टी मूळ आराखड्यात आल्या असत्या आणि पाच आठवड्यांची दुरुस्ती टळली असती.

‘घर बंद’ आणि ‘उद्या या’ यांना पहिल्या दिवसापासून वेगळे संकेत हवे होते. हा बदल फुकटचा आहे. दोनपेक्षा जास्त वेळा ‘उद्या’ मिळाला की तो नकार धरायचा आणि पुन्हा दार वाजवायचे नाही.

आशा ताईंना मंडळाबाहेर ठेवण्याबद्दल पथकात अजून मतभेद आहेत. हितसंबंधाचा मुद्दा बरोबर होता, पण बैठकीत काय ठरले ते त्यांना नेहमी दोन-तीन दिवस उशिरा कळायचे, आणि गावातले पहिले प्रश्न त्यांच्याच दारात यायचे. मताचा अधिकार न देता बैठकीत बसू देणे हा मधला मार्ग तेव्हा सुचला नाही.

समन्वय केंद्राच्या सुकाणू समितीत मंडळाचा एक प्रतिनिधी घ्यावा, ही मागणी ‘आठ केंद्रांत मंडळेच नाहीत’ म्हणून नाकारली गेली. ती पहिल्या वर्षी न मांडता दोन-तीन केंद्रांनी मिळून मांडली असती, तर वजन पडले असते.

मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या कागदावर सध्या दोन विषय आहेत. पारधी वस्तीतल्या सदस्य बाई या वर्षी टोळीबरोबर जाणार असल्याने त्यांच्या जागी कोणी यायचे की खुर्ची रिकामी ठेवायची. आणि पाच वर्षांनी अभ्यास संपला, मंडळ उठले, तर ‘मला विचारा’ म्हणणाऱ्यांना विचारायला कोण येणार. दुसऱ्या विषयावर संस्थेने अजून लेखी उत्तर दिलेले नाही. तो विषय आता सलग तिसऱ्या बैठकीच्या कागदावर आहे.